झुंबराला जामीन राहिलो

बसा. चहा टाकायला सांगितलाय. तो उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. ही गोष्ट लातुरात तुम्हाला दुसरंही कुणी सांगेल, पण लोक त्यात आपल्या पदरचं घालतात. मी घालीन ते निदान माझ्याच पदरचं असेल.

माझा धंदा मंडप डेकोरेशनचा. शिक्षण सातवी. सुरुवात दोन भोंग्यांवर केली, मग कनाती घेतल्या, मग खुर्च्या, मग नवरा-नवरीला बसायचे लाल मखमली सोफे. कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याच्या लग्नाला जायचं, सगळे पंगतीत बसले की आपण मांडवाच्या मागं जाऊन गाठ कशी मारलीय ते बघायचं. असा उपाशी राहून शिकलेला माणूस फार वाईट असतो. त्याला वाटतं आपल्यापेक्षा शहाणा जन्मायचा आहे.

ही फजिती झाली तेव्हा भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली असतील. भूकंपाच्या वर्षी माझी एकही ताडपत्री गोदामात नव्हती. घरं उभी असलेले लोकसुद्धा महिनोन्‌महिने अंगणात, मैदानात झोपत होते आणि त्यांच्या डोक्यावर कापड माझं होतं. तेव्हा छताची धास्ती काय असते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं त्याला तुम्हाला काय नाव ठेवायचं ते ठेवता येईल.

मग आला क्लासेसचा जमाना. नांदेड, उमरी, कंधार, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची आणि ज्याच्या घरात जास्तीची एक खोली त्याच्या घरात चार कॉट पडायचे. गल्लीगल्लीत फ्लेक्स. त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो पासपोर्टएवढे आणि सरांचा फोटो माणसाएवढा. मार्क कुणाला पडलेत तेच कळायचं नाही.

तर अशाच एका सरांच्या मुलीचं लग्न. सर फिजिक्स शिकवायचे. त्यांचं नाव सांगत नाही, त्या काळात लातुरात नुसतं सर म्हटलं की भागायचं. एका बॅचला चारशे पोरं, दिवसाला पाच बॅचा. घरात सुद्धा ते फळ्यावर लिहिल्यासारखं बोलायचे. दोन बोटं हवेत, मग एक मुद्दा, मग दुसरा मुद्दा.

मला बोलावलं. मार्गशीर्षातलं लग्न, दुपारी बारा वीसचा मुहूर्त, क्लासच्या मागचं मैदान. मुलगा नांदेडचा, बँकेत साहेब.

सर म्हणाले, "शेठ, चारी बाजूंनी तुम्हाला काय सजवायचं ते सजवा. पण वर काही बांधायचं नाही."

मी म्हणालो, "वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. छत नको, झालर नको, माळा नकोत. मोकळं आभाळ. थंडीचे दिवस आहेत, लोकांच्या अंगावर जरा ऊन येऊ द्या."

आता मला सांगा, छत नसलेल्या मांडवाला मांडव म्हणतात का? त्याला कोंडवाडा म्हणतात. चारी बाजूंनी कनात आणि वर काही नाही, अशी सोय आपण आडोशाला जायला करतो, लग्न लावायला नाही.

मी तिथं "बरं सर" म्हणालो आणि बाहेर येऊन पोटभर हसलो. ऊन म्हणे. उन्हाचं निमित्त. माणूस पाच बॅचा चालवतो आणि पोरीच्या लग्नात छताचं कापड वाचवतो. मी आमच्या गफूरचाचांना म्हणालो, "चाचा, शिकलेल्या माणसाचा कंजूसपणा पण कसा शास्त्रशुद्ध असतो बघा."

गफूरचाचा म्हणजे माझ्याकडचे जुने कारागीर. त्यांचे वडील निजामाच्या काळात शामियाने लावायचे. पासष्टीचा माणूस, पण बल्लीवर असा चढायचा की माकडानं शिकवणी लावावी. ते म्हणाले, "शेठ, उनो मना किये ना? बात खतम. अपने को क्या करना जी?"

"चाचा, मांडवावर पाटी कुणाची लागणार? माझी. लोक सरांना हसणार नाहीत, मला हसतील."

"तो हसने दो. हसने से छत नहीं गिरता."

आता हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता, गोष्ट मिळाली नसती.

मी ठरवलं की छत घालायचंच, आणि तेही माझ्याकडून. सरांना दाखवून द्यायचं की सातवी शिकलेल्या माणसाचं मन केवढं असतं. आणि नुसतं छत घालून मी थांबलो नाही. माझ्याकडं एक झुंबर होतं. हैदराबादच्या बाजारातून मी ते नवं आणलं होतं. पाच थर, प्रत्येक थराला लोलक, मधे बल्ब. दुकानदारानं सांगितलं, बेल्जियमची काच. मी ते हातात घेतलं तेव्हाच कळलं की हे प्लास्टिक आहे, एका हातानं पोरासारखं कडेवर घेता येतं. पण लातुरात आल्यावर मीही सगळ्यांना बेल्जियमच सांगितलं. चौकातला माझा भाऊबंद डेकोरेशनवाला, शंकर त्याचं नाव, तो बघायला आला. त्यानं विचारलं, "वजन किती असंल हो?" मी म्हणालो, "तिघं लागतात उचलायला." तो गप्प घरी गेला. त्या दिवशी मला चांगली झोप लागली.

लग्नाच्या दिवशी सकाळी सर वऱ्हाड उतरवून घ्यायला गेले आणि इकडं आम्ही छत चढवलं. पांढरं-गुलाबी कापड, चुण्या पाडून. बरोबर बोहल्याच्या वर ते झुंबर. आणि त्यावर माझी आणखी एक कल्पना. झुंबराच्या वर छतात शेवंतीच्या आणि झेंडूच्या पाकळ्यांची एक झोळी बांधली, तिची दोरी झुंबराच्या कडीतून घेऊन मागं कनातीपर्यंत नेली. चाचांना सांगितलं, भटजींचं शेवटचं सावधान झालं की दोरी ओढा. नवरा-नवरीवर फुलांचा पाऊस. कुणी ओढली ते दिसणार नाही, आकाशातनं पडल्यासारखं.

चाचा म्हणाले, "ओढतो. पर सर को बताया क्या?"

"त्यांना आल्यावर कळेलच."

त्यांना आल्यावर कळलं. अकरा वाजता सर मांडवाच्या कमानीतून आत आले, वर बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले. मी पुढं झालो. दोन्ही हात जोडले. "सर, हे माझ्याकडून. पोरगी तुमची तशी माझी."

मला वाटलं त्यांचे डोळे भरून येतील. भरूनच आले होते, पण ते वेगळ्या कारणानं.

"शेठ," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला मी वर काही नको म्हणालो होतो ना?"

"तुमचा स्वभावच संकोची."

"संकोची नाही हो." त्यांनी माझं मनगट धरून मला बाजूला नेलं. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा आला नाही. "आमच्या स्मिताचा मामा छताखाली येत नाही. भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळून त्याची तीन माणसं खाली गेली. तो त्या वेळी शेतात होता म्हणून राहिला. तेव्हापासून तो आत कुठं जात नाही. तहसीलमध्ये सही करायची असली तर खिडकीतून कागद बाहेर मागतो. हे चारचौघांत सांगितलेलं त्याला आवडत नाही, म्हणून तुम्हाला उन्हाचं सांगितलं."

 

आता मामा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं. तो नसला की चुलत मामा, मानलेला मामा, कुणीही चालवून घेतात. पण इथं ते जमणार नव्हतं. सर क्लास उभा करण्यात गुंतले होते तेव्हा ही पोरगी दहा वर्षांची होईपर्यंत मामाच्याच घरी वाढली होती. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "मामा पाठीशी असंल तरच मी उभी राहीन."

साडेअकराला मामांची जीप आली. माणिकमामा. उंच, रुंद, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, मिशा अशा की त्यांना वेगळा आहेर करावा. हातात भाचीची पिवळी साडी आणि नारळ. कमानीपर्यंत आले आणि वर बघितलं. मग कमानीच्या बाहेर, उन्हात, एका खुर्चीवर बसले. काही तक्रार नाही, काही नाही. साडी मांडीवर ठेवली आणि बसले.

आत नांदेडकरांत कुजबुज सुरू झाली. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. स्मिता बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली, आणि मामांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. म्हणजे मांडवात नवरदेव, आणि नवरी रस्त्यावर.

मी चाचांना म्हणालो, "छत उतरवा."

चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांना चारमिनार उतरवायला सांगितलाय. "शेठ, कनाता सगळ्या छताला बांधून हैत. छत खोललं की चारी बाजू लोगां के उपर. नीट खोलायला चार घंटे पाहिजे."

मुहूर्ताला चाळीस मिनिटं.

तेवढ्यात भटजींनी तोडगा काढला. फार शहाणा माणूस. ते म्हणाले, "बोहलं बाहेर घेऊ या की. दोन पाट न्यायचे आणि अंतरपाट. उन्हात लावू लग्न. शास्त्राला काही हरकत नाही."

सगळे खूश. सर म्हणाले चालेल, नांदेडकर म्हणाले चालेल. आता तुम्ही विचाराल, मग अडलं कुठं? अडलं माझ्यात. माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं: पाचशे माणसं उन्हात, आणि माझा गुलाबी मांडव आत मोकळा, झुंबर एकट्यानं लुकलुकतंय. आणि पाहुण्यांमध्ये शंकर डेकोरेशनवाला. त्याला सरांनी आमंत्रण दिलं होतं आणि तो पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

मी मध्ये पडलो. "थांबा," म्हणालो, "मी मामांशी बोलतो."

सर म्हणाले, "कशाला?"

मी ऐकलं नाही. मी कमानीबाहेर गेलो. माझ्यामागं गर्दी आली, गर्दीत शंकरही आला.

"मामा, राम राम."

"राम राम."

"मामा, हे सगळं मी स्वतः बांधलंय. एकूण एक गाठ."

"बांधलं असंल की."

"मग भ्यायचं काय त्यात?"

असं मी बोललो. त्या माणसाला. आजही आठवलं की मला माझंच तोंड बंद करावंसं वाटतं. मामांनी मात्र राग धरला नाही. त्यांनी झुंबराकडं बोट केलं.

"त्ये मधलं कशाला टांगलंय?"

"शोभेला."

"शोभा खाली ठिवता येत न्हाई व्हय?"

लोक हसले. शंकर जरा जास्तच हसला.

मामा म्हणाले, "कापडाचं मला काय न्हाई वाटत. कापडाखाली मी कसाबी बसंन. त्ये जड दिसायलंय. किती वजन हाय त्याचं?"

हा तो क्षण. इथं मी "मामा, प्लास्टिक आहे, अडीच किलो भरत नाही" एवढंच बोललो असतो की संपलं होतं. मामा उठले असते, आत आले असते, लग्न लागलं असतं. दोन शब्दांचं काम. मी तोंड उघडलं. आणि शंकर माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी म्हणालो, "वजन तर आहेच. अस्सल काच आहे, बेल्जियमची. तिघं लागतात उचलायला."

मामांनी साडी परत मांडीवर नीट केली.

मग माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "मामा, तुम्हाला माझ्या कामाचा भरवसा नाही ना? मी स्वतः या झुंबराच्या बरोबर खाली उभा राहतो. तुमच्या शेजारी. अक्षता पडेपर्यंत. पडलं तर आधी माझ्या डोक्यात."

मामांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी उभं ऱ्हाताव?"

"राहतो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"हलायचं न्हाई बरं का शेठ. तुमी हललाव की माझं पाय ऱ्हायचं न्हाईत."

"हललो तर मिशी काढीन." मला मिशी नव्हती, पण कुणी बघितलं नाही.

मामांनी भाचीकडं बघितलं. तिनं त्यांचा हात धरला. मामा उठले. "चला मग. पोरीचा मुहूर्त जायला नको."

सर एवढे हलके झाले की त्यांनी तिथल्या तिथं मला फेटा बांधायला सांगितला. केशरी फेटा, मागं लांब शेमला. खांद्यावर उपरणं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच मांडवात मानकरी. ज्यांच्या कनातीला खिळे ठोकतो त्यांच्या बोहल्यामागं उभं राहायचं. मी शंकरकडं बघितलं. तो कडवट तोंडानं पान चघळत होता.

स्मिता पिवळी साडी नेसून आली. मामा तिला धरून चालत होते की ती मामांना, ते नीट सांगता येणार नाही. छताच्या कडेशी मामा एकदा थांबले. मी म्हणालो, "मी आहे." त्यांनी मान हलवली आणि आत पाऊल टाकलं.  मामा बोहल्यावर चढले, भाचीच्या मागं उभे राहिले, तिच्या अंबाड्यावरच्या गजऱ्यावर नजर लावली आणि ती तिथून हलवली नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला. बरोबर झुंबराखाली.

अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

आता एक सांगतो. मांडव बांधणाऱ्याला मांडव खालून बघायची सवय नसते. आम्ही तो बाहेरून बघतो, मागून बघतो, कारागिरावर ओरडताना शिडीवरून बघतो. बरोबर मधोमध खाली उभं राहून, मान वर करून, मी तो पहिल्यांदाच बघत होतो. आणि मला ती कडी दिसली. झुंबराची कडी. मला एकदम वाटलं, ही कडी जरा तिरकी आहे का?

पहिलं सावधान. लोकांनी अक्षता टाकल्या. आपल्याकडं अक्षता ज्वारीच्या, आणि मागच्या रांगेतला माणूस त्या अशा फेकतो की पेरणी करतोय. चार दाणे झुंबरावर बसले. टिक, टिक, टिक. लोलक थरथरले.

मी स्वतःला म्हणालो, प्लास्टिक आहे.

दुसरं मंगलाष्टक कुणातरी आत्याबाईंनी म्हटलं, गळा काढून. सावधान. टिक, टिक. पाचही थर हलले. भूकंपानंतर आपल्याकडच्या माणसाला एक खोड लागलीय बघा, तुम्हालाही असेल. घरात लटकणारं काहीही जरा हललं, पंखा म्हणा, बल्ब म्हणा, की आपण बोलणं थांबवून त्याच्याकडं बघतो आणि पायांनी जमीन चाचपतो. मी जमीन चाचपायला लागलो. फळ्यांचं बोहलं, त्यावर बारा माणसं. ते तर हलणारच. पण हे डोक्याला कळतं, पोटऱ्यांना कळत नाही.

तिसरं, चौथं. थंडीचे दिवस, आणि माझ्या फेट्यातून घामाची धार कानामागं चाललेली. मामा माझ्याकडं बघतायत का म्हणून मी तिरकं बघितलं. मामा गजऱ्याकडं बघत होते. दगडासारखे स्थिर. मी मनात म्हणालो, बघ, तुझ्या जिवावर हा माणूस उभा आहे. छाती पुढं काढली. प्लास्टिक आहे, प्लास्टिक आहे, अडीच किलो आहे. पण सकाळपासून मी बेल्जियमची काच एवढ्या वेळा म्हणालो होतो की आता ते माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं.

शेवटचं मंगलाष्टक. भटजींनी आवाज चढवला. शुभमंगल सावधान.

आणि झुंबराला हिसका बसला. नुसतं हललं नाही, एका बाजूला गेलं आणि झोका खाऊन परत आलं. त्याच क्षणी माझ्या मानेवर, फेट्यावर, कॉलरच्या आत भसाभस काहीतरी पडलं.

झोळी मीच बांधली होती. दोरी मीच ओवली होती. कधी ओढायची ते मीच सांगितलं होतं आणि गफूरचाचांनी बिचाऱ्यांनी अगदी बरोबर ओढली होती. पण त्या घटकेला जगात झोळी नव्हती, दोरी नव्हती, चाचा नव्हते. फक्त वरून काहीतरी पडत होतं.

मी पळालो.

समोरून पळायला लोक होते म्हणून मागून पळालो. बोहल्यावरून उडी मारली, ती नवरीच्या मैत्रिणींच्या अंगावरून. मागच्या बाजूला मी फुलांच्या माळांचा पडदा सोडला होता, एकेक माळ सहा फुटी, पांढऱ्या शेवंतीची. त्या पडद्यातून आरपार गेलो. दोन माळा फेट्यात अडकल्या आणि तुटून माझ्याबरोबर आल्या. एक या कानावरून, एक त्या कानावरून. मी "भूकंप, भूकंप" म्हणत थेट आचाऱ्यांच्या भट्ट्यांपाशी.

आचारी वरण ढवळत होता. पातेलं भट्टीवर, भट्टी जमिनीवर आणि कुणीही हलत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत ढवळायला लागला.

तिथं पलीकडं एक म्हातारबाबा उभे होते. नवऱ्या मुलाचे कुणीतरी दूरचे चुलत आजोबा, उमरीहून एसटीनं आलेले, गाडी उशिरा पोचली म्हणून मागच्या वाटेनं आत शिरत होते. त्यांना काय दिसलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. केशरी फेटा, खांद्यावर उपरणं, कपाळावरून दोन्ही बाजूंनी फुलं लोंबतायत, आणि माणूस बोहल्याकडून धावत येतोय.

त्यांनी काठी आडवी धरली आणि माझा दंड पकडला. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण पकड अशी की सांडशी.

"कुठं निघालास रं?"

"बाबा, सोडा, भूकंप आहे!"

"कशाचा भूकंप? वरण तरी सांडलंय का?" त्यांनी मला जवळ ओढून नीट बघितलं. "आरं, असं करू न्हाई. आमच्या टायमाला मी बी भ्यालो व्हतो. पहिल्यांदा वाटतंयच."

"बाबा, मी तो नव्हे."

"सगळे असंच म्हन्तेत." मग जरा मागं होऊन त्यांनी माझं पोट बघितलं, कानावरचे पांढरे केस बघितले आणि स्वतःशीच म्हणाले, "थोराड हाय. बँकेतलं पोरगं म्हनून सांगितलं व्हतं. रिटायर झालंय का काय."

तेवढ्यात आतून टाळ्या वाजल्या. मोठ्या. लोक वा वा करत होते, फुलांचा पाऊस बघून. बँड सुरू झाला. लग्न लागलं होतं.

बाबांचे कान टवकारले. त्यांनी मांडवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चेहरा एकदम गंभीर झाला.

"आन मग तिकडं पोरीचं लगीन कुनासंगं लावलं?"

मी काही सांगायच्या आत त्यांनी मला खेचायला सुरुवात केली. शेवंतीच्या पडद्यातून परत आत, नवरीच्या मैत्रिणींमधून वाट काढत, बोहल्यापर्यंत. काठी वर केली. "थांबा," म्हणाले, "बँड बंद करा. गडबड झाली. नवरदेव ह्यो हाय, मागच्या दारानं चालला व्हता."

बँड थांबला. पाचशे माणसं माझ्याकडं बघत होती. शंकर डेकोरेशनवाला खुर्चीवर उभा राहून बघत होता. सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, जणू तो काढला की मी दिसायचा बंद होईन.

बोहल्यावर नवरा-नवरी हार घालून उभे होते. आणि त्यांच्या मागं माणिकमामा. जिथं उभे केले होते तिथंच, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. डोक्यावर झुंबर अजून झोके घेतंय, फेट्यावर पाकळ्या, दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर.

बाबांनी खऱ्या नवरदेवाकडं बघितलं, मग माझ्याकडं. दंडावरची पकड सैल झाली.

"ह्यो नवरदेव हाय, तर मग ह्यो कोन?"

 मग मामांनी पहिल्यांदाच गजऱ्यावरची नजर काढली.

"त्यो व्हय आजोबा," ते म्हणाले, "त्यो मला धीर द्यायला हुबा केला व्हता."